वादळ, भूकंप आणि मंद वाणी

शास्त्रपाठ : स्तोत्र २९, लूक १३:१-५, १ राजे १९:९-१८.



वळवाच्या दिवसांत बेंबळीच्या शिवारात जो देखावा दिसतो, तो आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवसभर काळी भुई तापते. तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून येते, धुळीचा लोट उठतो आणि वीज कडाडते. स्तोत्रकर्त्यानेही असेच वादळ लबानोनाच्या गंधसरूंवर कोसळताना पाहिले व त्या गर्जनेत परमेश्वराचे सामर्थ्य ओळखले. ते सामर्थ्य आपण कसे ओळखावे, हा आजचा पाठ होय.

१. निसर्गशक्ती देव नव्हे, देवाची निर्मिती आहे. ढगांतील हिमकण व गारा एकमेकांवर आदळून विद्युत साठते. वीज पडते तेव्हा तिच्या वाटेवरील हवा क्षणात सूर्याच्या पृष्ठभागाहूनही अधिक तापून फुगते. त्या धक्क्याचा आवाज म्हणजेच गडगडाट. कारण कळले म्हणून कर्त्याचे गौरव उणे होत नाही. म्हणून विजेची पूजा करू नये; तिच्याविषयी बेफिकीरही राहू नये. गडगडाट ऐकू येताच काम सोडून पक्क्या घरात जावे. झाडाचा आसरा घेऊ नये.

२. संकटावरून कोणाचा न्याय करू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त झाली. सुमारे १०,००० माणसे दगावली. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते. पुष्कळ लोक उशिरा घरी येऊन गाढ झोपले होते. अशा प्रसंगी, "हे मूर्तिपूजेचे शासन होय," असे एखाद्या ख्रिस्ती मनुष्याच्या तोंडून सहज निघू शकते. परंतु प्रभूने असे बोलण्यास आपणांस मोकळीक ठेविलेली नाही. शिलोहातील बुरूज पडून अठरा जण मेले, ते यरुशलेमेतील इतरांहून अधिक अपराधी होते काय, असा प्रश्न त्याने केला व स्वतःच नाही म्हटले. मग ऐकणाऱ्यांसच पश्चात्तापाचा बोध केला. मेलेल्यांची पापे मोजणे आपले काम नव्हे. आपले अंतःकरण तपासणे हे आपले काम आहे. ईयोबाच्या मित्रांनीही त्याचे दुःख पाहून त्यास दोषी ठरविले, आणि देवाचा कोप त्या मित्रांवरच झाला.

३. देव मनुष्यास कामाला लावतो. भारताचा भूखंड हळूहळू उत्तरेकडे सरकत आहे. त्या दाबाने खोल खडकातील जुन्या भेगा सरकल्या म्हणजे भूमी हादरते. त्या काळच्या नकाशात किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याचा मानला होता. घरांच्या भिंती दगड-मातीच्या, जाड, व पुष्कळ ठिकाणी आरपार जोडदगड नसलेल्या होत्या. वर मातीचे जड माळवद होते. धक्का बसताच त्याच भिंती व तेच माळवद निजलेल्यांच्या अंगावर आले. आता अनुवाद २२:८ वाचा. नवे घर बांधशील तेव्हा धाब्यास कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशा अर्थाची आज्ञा तेथे आहे. यास्तव भिंतीत जोडदगड घालणे, जोत्यावर, चौकटीवर व छताखाली लोखंड-सिमेंटचा पट्टा बांधणे, छत हलके ठेवणे हेही शेजाऱ्यावर प्रीती करणेच होय. "देवाची इच्छा" म्हणून कच्ची भिंत तशीच सोडणे हा विश्वास नव्हे.

४. वादळानंतरची वाणी ऐकावी. होरेब डोंगरावर एलीयासमोर प्रचंड वारा, भूकंप व अग्नी ही एकामागून एक आली. परंतु परमेश्वर त्यांत नव्हता. नंतर मंद वाणी झाली. तिने एलीयास शत्रूंच्या नाशाचा देखावा दाखविला नाही. तू येथे काय करीत आहेस, असे त्यास विचारले व कामगिरी देऊन माघारी पाठविले. गारांनी शेजाऱ्याचे पीक झोपले, वीज पडून कोणाचा बैल मेला, तर तोच प्रश्न आपणांस आहे. त्याच्या दारी उपदेश घेऊन जाण्यापूर्वी भाकर घेऊन जा. त्याच्याजवळ बसा. तो कोणत्या देवाला भजतो, हे विचारू नका.

ज्याने गालील समुद्रावरील वारा शांत केला, तोच प्रभू त्या हेलकावणाऱ्या मचव्यात शिष्यांबरोबर होता. देवाचे सामर्थ्य व देवाची दया ही दोन्ही एकाच ठायी आहेत, हे तेथे दिसून येते.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :

(१) निसर्गशक्तीस देव मानणे व तीत देवाचे सामर्थ्य पाहणे, यांत भेद काय?

(२) शिलोहाच्या बुरुजाविषयी प्रभूने काय शिकविले?

(३) आपल्या गावात कोणाची भिंत धोक्याची आहे? ती नीट करण्यास मंडळी या महिन्यात काय करील?