वय, भाषा आणि स्मरणशक्ती : अमेरिकेतील स्पॅनिशभाषक समाज

वार्धक्याबरोबर स्मरणशक्ती उणावते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. परंतु ती किती उणावली म्हणजे वयाचा स्वाभाविक परिणाम समजावयाचा आणि किती उणावली म्हणजे रोगाची चाहूल मानावयाची, हे ठरविण्याची मोजपट्टी मुळात कोणासाठी तयार झाली होती, याचा विचार फार उशिरा सुरू झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हिस्पॅनिक अथवा लॅटिनो समाजाच्या अभ्यासाने तो विचार अपरिहार्य केला.

‘हिस्पॅनिक’ ही संज्ञा बव्हंशी शासकीय सोयीची आहे. आपण या वंशाचे आहोत काय, हा प्रश्न तेथील प्रत्येक कुटुंबाला प्रथम विचारला गेला तो १९८० च्या जनगणनेत. २०२० च्या जनगणनेत अशा लोकांची संख्या सहा कोटी वीस लाखांवर गेली होती. मेक्सिकोतून शेतमजुरीसाठी आलेला मनुष्य आणि १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबा सोडून मायामीत स्थायिक झालेला व्यापारी हे दोघेही या एकाच नावाखाली मोडतात. त्यांचे शालेय शिक्षण, आहार व व्यवसाय यांत मात्र साम्य थोडेच.

१९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो परिसरात साठ वर्षांवरील १,७८९ व्यक्तींची पाहणी सुरू झाली. त्यांतील बहुसंख्य मेक्सिकन वंशाच्या होत्या. याहून विस्तृत अभ्यास २००८ ते २०११ या काळात ब्राँक्स, शिकागो, मायामी व सॅन दिएगो येथे हाती घेण्यात आला. त्यात १६,४१५ स्त्रीपुरुष सहभागी झाले आणि पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्तींच्या बोधनक्षमतेच्या चाचण्या घेण्यात आल्या. सुमारे सात वर्षांनी त्यांपैकी पन्नाशी ओलांडलेल्या ६,३७७ जणांची पुन्हा परीक्षा झाली, तेव्हा ९.८ टक्के व्यक्तींमध्ये बोधनक्षमतेचा सौम्य ऱ्हास आढळून आला. प्यूर्तो रिकन वंशाच्या लोकांत हे प्रमाण अधिक, तर क्यूबन वंशाच्या लोकांत कमी होते.

या चाचण्या वरवर पाहता अगदी साध्या आहेत. पंधरा शब्दांची यादी तीन वेळा वाचून दाखवावयाची, मध्ये दुसरी यादी ऐकवावयाची आणि मग पहिलीतील किती शब्द आठवतात ते पाहावयाचे. अथवा एका मिनिटात ठरावीक अक्षराने आरंभ होणारे शब्द सांगावयास लावावयाचे. पण एका भाषेत ज्या अक्षराचे शब्द विपुल असतात ते दुसरीत विरळ असू शकते. शिवाय, अक्षरावरून शब्द शोधण्याची सवय शाळेतच लागते. ज्या स्त्रीला तीनच इयत्ता शिकावयास मिळाल्या, ती बाजारातील डझनावारी फळांची नावे सहज सांगेल; अक्षर दिले की मात्र गप्प बसेल. दुसऱ्या एका चाचणीत कागदावरील अंक व अक्षरे आळीपाळीने जोडावयाची असतात : एकनंतर ए, दोननंतर बी, याप्रमाणे. स्पॅनिश वर्णमालेत १९९४ पर्यंत ‘सी’ व ‘डी’ यांच्या दरम्यान ‘चे’ हे स्वतंत्र अक्षर मोजले जाई. ती वर्णमाला घोकलेला वृद्ध तेथे क्षणभर थबकला, तर दोष मेंदूचा खास नव्हे. पण घड्याळ थांबत नाही आणि गुण मात्र जातात. घरातील मुलगी दुभाषी म्हणून शेजारी बसली असेल तर उलट चूक संभवते : आईचे अर्धवट उत्तर ती नकळत पूर्ण करून सांगते. म्हणून शिक्षण व भाषा लक्षात घेऊन स्वतंत्र मानके ठरविणे ही या अभ्यासकांची पहिली गरज ठरली.

दोन भाषा जाणणाऱ्यांचा मेंदू वार्धक्यात अधिक काळ टिकतो, हा समज लोकप्रिय आहे. तो तपासण्यास हा समाज सोयीचा होता. न्यूयॉर्कच्या उत्तर मॅनहॅटनमधील स्पॅनिशभाषक वृद्धांचे दीर्घकालीन निरीक्षण करणाऱ्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात द्वैभाषिकांची कामगिरी प्रारंभी सरस आढळली. परंतु पुढील ऱ्हासाचा वेग मंदावलेला आढळला नाही, की स्मृतिभ्रंशाचा संभवही कमी झालेला दिसला नाही. इंग्रजी चांगले अवगत असणाऱ्यांत शिकलेल्यांचा भरणा असतो, ही गोष्ट येथे विसरता कामा नये.

भाषेपेक्षा रक्तवाहिन्यांकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरावे. चार शहरांच्या वरील पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते आणि बोधनक्षमतेच्या सौम्य ऱ्हासाचा संबंध वाढते वय, हृदयविकाराचा वाढीव धोका व विषण्णता यांच्याशी दिसून आला. सॅक्रामेंटोच्या अभ्यासातही मधुमेही वृद्धांत स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक आढळला होता. अल्झायमरच्या रोगाशी निगडित म्हणून प्रसिद्ध असलेल्या आनुवंशिक घटकाचा संबंध मात्र, इतर बाबींचा हिशेब केल्यावर, या चार शहरांतील लोकांत ठळकपणे उरला नाही.

यात एक विसंगती आहे. उत्पन्न व शिक्षण कमी असूनही हा समाज तेथील श्वेतवर्णीयांपेक्षा सरासरीने अधिक जगत आला आहे. २०२० च्या कोविड साथीत हे अंतर बरेच घटले. लाभलेले आयुष्य म्हणजे स्मृतिभ्रंशाचा धोका असणारी अधिक वर्षेही होत. त्या वर्षांचा भार बहुधा घरातच, मुली व सुना यांच्यावर पडतो. आईला वृद्धाश्रमात ठेवणे अनेक कुटुंबांना लाजिरवाणे वाटते आणि विसराळूपणा ‘वयाचाच’ म्हणून सोडून दिला जात असल्याने डॉक्टरांकडे जाण्यास विलंब होतो. पुनर्तपासणीच्या वेळी असे रुग्ण केंद्रावर येऊ शकत नाहीत. काहीजण अखेरचे दिवस काढण्यासाठी मायदेशी परतलेले असतात. या दोन्ही प्रकारच्या व्यक्ती पाहणीच्या आकड्यांतून निसटतात.