रोगाचा नकाशा काढणाऱ्यांचे क्षेत्र

साथीच्या रोगाचा जोखीम-नकाशा रुग्ण मोजण्यासाठी काढत नाहीत. रुग्ण किती, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतही सापडते. पुढच्या पावसाळ्यात ताप कोणत्या पाड्यात किंवा कोणत्या वस्तीत आधी येईल आणि तिथेच का येईल, हे पहिला रुग्ण दिसण्याआधी सांगता यावे, यासाठी हा नकाशा असतो. त्यात दोन बाबी एकमेकींवर ठेवून पाहतात. एक परिसर: पाऊस, साचलेले पाणी, झाडी, गटारे, घरांची दाटी, डास आणि उंदीर. दुसरी माणसे: ती राहतात कुठे, झोपतात कुठे, कामाला कुठे जातात आणि केव्हा परततात. भूगोल, सांख्यिकी, कीटकशास्त्र, लोकसंख्याशास्त्र आणि वैद्यक या सगळ्यांचे त्यात काम पडते. त्यामुळे ‘नीट’मध्ये कमी गुण मिळाले म्हणजे आरोग्यक्षेत्राचे दार बंद झाले, ही पालकांची समजूत इथे लागू पडत नाही.

या कामाची गरज पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत फार जवळून दिसते. जुलै २०२२ मध्ये तलासरी तालुक्यातील झाई येथील आश्रमशाळेत झिका विषाणूचा एक रुग्ण आढळला. राज्यातला पहिला रुग्ण त्याच्या एक वर्ष आधी पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात सापडला होता. झाई हे किनाऱ्यावरचे मच्छीमारांचे गाव. कागदोपत्री ते तलासरी तालुक्यात येते, लगतची बोर्डी डहाणू तालुक्यात आहे आणि सीमेपलीकडे गुजरातचा उंबरगाव तालुका. झिका आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही, पण त्याने चावलेला माणूस रेल्वेने, बोटीने किंवा रिक्षाने तीनही तालुक्यांत फिरतो. अशा ठिकाणी तालुक्याच्या हद्दीवर थांबणारा नकाशा अर्धीच गोष्ट सांगतो. शिवाय एडिस दिवसा चावतो आणि हिवतापाचा ॲनोफिलीस रात्री. एरवी मुले दिवसा शाळेत व रात्री घरी असतात, त्यामुळे धोक्याच्या जागाही दोन होतात. आश्रमशाळेत दोन्ही धोके एकाच आवारात येतात. पाण्याच्या टाक्यांची झाकणे, वसतिगृहाच्या खिडक्यांच्या जाळ्या आणि आवारातले भंगार या बाबी म्हणूनच नकाशाच्या माहितीत नोंदवाव्या लागतात.

परिसराच्या दृष्टीने हे दोन तालुके एकसारखे नाहीत. पश्चिमेला डहाणू, चिंचणी, बोर्डी, घोलवड ही किनारपट्टी आणि चिकूच्या वाड्या आहेत. मधल्या पट्ट्यात सूर्या प्रकल्पाचे कालवे आणि भातखाचरे येतात, तर पूर्वेला कासा आणि धुंदलवाडीच्या बाजूने डोंगर व ओहोळ सुरू होतात. डासांच्या जातीही त्याप्रमाणे बदलतात. डोंगरातल्या संथ, स्वच्छ ओहोळात ॲनोफिलीस फ्लुव्हिएटिलिस वाढतो, भातखाचरे आणि कालव्यांच्या कडेला ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस. शहरात गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात ॲनोफिलीस स्टिफेन्सी वाढतो. तिघेही हिवतापच पसरवतात, पण उपाय वेगवेगळे लागतात. ओहोळावर टाकीच्या झाकणाचा नियम चालत नाही. लेप्टोस्पायरोसिसचे गणित तर पूर्ण वेगळे. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यात अनवाणी लावणी करणाऱ्याला त्याचा धोका. शेजारच्या दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात हा रोग नेहमी डोके वर काढतो आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनेही त्याची साथ अनुभवली. सर्व रोगांसाठी एकच ‘धोकादायक गावांची यादी’ करणे ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी चूक मानावी लागेल. प्रत्येक रोगाचा नकाशा स्वतंत्र काढावा लागतो.

माणसांची बाजू याहून अवघड आहे. २०११ च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख आणि तलासरीची दीड लाखाच्या आसपास होती, पण हे आकडे वर्षभर स्थिर राहत नाहीत. भात कापणी आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्टीवर, रेतीच्या कामावर, वसई-विरार, भिवंडी किंवा वापीकडे जातात आणि होळीला घरी येतात. तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर महिनोन्‌महिने राहतात. एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि बोईसर, विरार रोजच्या येण्याजाण्याच्या टप्प्यात आले. अशा वेळी डहाणूच्या रुग्णालयात नोंदलेला हिवतापाचा रुग्ण डहाणूतच आजारी पडला, असे धरता येत नाही. डासाने चावल्यापासून ताप येईपर्यंत हिवतापात साधारण आठवडा ते दोन आठवडे जातात, डेंग्यूत चार ते दहा दिवस. म्हणून रुग्णाला ‘राहता कुठे’ याच्याबरोबर ‘गेल्या पंधरा दिवसांत रात्री कुठे झोपलात’ हेही विचारावे लागते. नकाशाची निम्मी किंमत या एका प्रश्नात आहे. तो न विचारता केलेल्या नकाशात भट्टीवरचा रोग पाड्याच्या नावावर जमा होतो आणि फवारणीचे पथक चुकीच्या जागी जाते.

झोपण्याची जागा निसर्गही बदलतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा धुंदलवाडी परिसरातली कुटुंबे रात्री घराबाहेर, तंबूत झोपू लागली. घराच्या भिंतींवर केलेल्या फवारणीचा अशा रात्री उपयोग नसतो. जनगणनेच्या आकड्यांत ही गोष्ट कधीच दिसणार नाही. ती गावात जाणाऱ्याला दिसते.

परिसर आणि माणसे एकत्र पाहावी लागतात, हे शहरांचा इतिहासही सांगतो. १८९६ मध्ये मुंबईतला प्लेग मांडवीच्या धान्यगोदामांच्या परिसरात पहिल्यांदा ओळखला गेला. धान्य, उंदीर आणि दाटीच्या चाळी तिथे एकत्र आल्या होत्या. घाबरून गावी परतलेल्या लोकांबरोबर रोग शहराबाहेर पडला. आज डहाणूत त्याच तोडीचे बदल होऊ घातले आहेत. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई-दिल्ली द्रुतगती महामार्ग याच पट्ट्यातून जातात. खोदलेले खड्डे, मजुरांच्या तात्पुरत्या वसाहती, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली माणसे यांतून नवी जोखीम उभी राहते. जनावरांची वाहतूकही विसरून चालत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातमध्ये काँगो तापाचे रुग्ण आढळल्यावर पालघर जिल्हा प्रशासनाने पशुपालकांना आणि मांसविक्रेत्यांना सावधगिरीचा इशारा दिला होता. हा रोग गोचिडांमुळे पसरतो. निमशहर होत असलेल्या डहाणूचा नकाशा आत्ताच काढणे, बंदर सुरू झाल्यानंतर काढण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे.

कामाची पद्धत साधी वाटली तरी काटेकोर आहे. आधी रुग्णसंख्येचे दरात रूपांतर करतात. समजा, दोनशे वस्तीच्या पाड्यात हिवतापाचे दोन रुग्ण आहेत आणि पन्नास हजारांच्या शहरात वीस. दर हजारी पाहिले तर पाड्यात दहा आणि शहरात ०.४. पण दोनशेच्या वस्तीत एखादा रुग्ण कमी-जास्त झाला तरी दर एकदम बदलतो, म्हणून शेजारच्या वस्त्यांचा आणि मागच्या वर्षांचा आधार घेऊन तो स्थिर करावा लागतो. इथे सांख्यिकी लागते, आणि इथेच नुसते सॉफ्टवेअर शिकलेला उमेदवार अडतो. मग पावसाची आकडेवारी, उंची, पाणथळ जागा, घरांची दाटी आणि रस्ते यांचे थर जोडतात. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. इस्रोचे भुवन संकेतस्थळ आणि युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रेही मोफत मिळतात. एक अडचण कोकणात हमखास येते: जून ते सप्टेंबर ढगांमुळे साध्या उपग्रहचित्रात जमीन दिसत नाही आणि डासांचा हंगाम नेमका तोच. तेव्हा ढगांतून पाहू शकणाऱ्या रडार उपग्रहाची, म्हणजे सेंटिनेल-१ ची चित्रे वापरतात. शेवटी प्रत्यक्ष जागेवर पडताळणी होते. घरोघरी पिंपे, हौद, टायर आणि कुंड्या तपासून शंभर घरांपैकी किती घरांत डासांच्या अळ्या आहेत, ते मोजतात. याला हाउस इंडेक्स म्हणतात. आशाताई आणि आरोग्यसेवक यांच्या वह्यांशिवाय या कामाचे पान हलत नाही.

गोपनीयतेचा विषय अभ्यासक्रमात उशिरा येतो, तो आधी यायला हवा. दहा-बारा घरांच्या पाड्यात क्षयरोगाच्या रुग्णाचा एक ठिपका म्हणजे त्या घराचे नाव जाहीर करणे. म्हणून जाहीर नकाशात ठिपके देत नाहीत, गाव किंवा उपकेंद्रनिहाय दर देतात.

या क्षेत्रात शिरण्याच्या वाटा अनेक आहेत. बारावीनंतर भूगोल, सांख्यिकी, प्राणिशास्त्र, संगणकशास्त्र किंवा परिचर्या यांतली कोणतीही पदवी चालते. सुरुवात घराजवळ करता येते: बोर्डीला विज्ञान महाविद्यालय आहे आणि तलासरीत गोदावरी परुळेकर यांच्या नावाचे महाविद्यालय. पदवीनंतर वाटा फुटतात. भूगोलाकडून जाणाऱ्यांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूगोल विभाग आणि सिम्बायोसिसची भू-माहितीशास्त्र संस्था आहे. अभियंत्यांना ‘गेट’ परीक्षेतून आयआयटी मुंबईचे संसाधन अभियांत्रिकी केंद्र खुले होते. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेत, जी १९५६ पासून चालू आहे, लोकसंख्या अभ्यास आणि जैवसांख्यिकीचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. त्यातल्या जैवसांख्यिकीसाठी पदवीला गणित किंवा सांख्यिकी लागते. शेजारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. डासांमध्ये रस असणाऱ्या प्राणिशास्त्राच्या पदवीधरासाठी पुदुच्चेरीच्या कीटकजन्य रोग संशोधन केंद्रातील सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राची एम.एस्सी. ही फारशी माहीत नसलेली, पण अतिशय चांगली वाट आहे. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था मोफत ऑनलाइन वर्ग घेते, ते पदवीच्या वर्षांतच करता येतात. निवड करताना पालकांनी एक पाहावे: अभ्यासक्रमात सांख्यिकीचे किती विषय आहेत आणि क्षेत्रकार्य किती आहे. तीन महिन्यांत ‘जीआयएस तज्ज्ञ’ करण्याची जाहिरात देणाऱ्या वर्गांवर हजारो रुपये घालवू नयेत.

आदिवासी विद्यार्थ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राची तयारी बारावीपर्यंत थांबवून ठेवू नये. प्रवेशाच्या वेळी धावपळ त्याचीच होते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास भोजन-निवासासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. या सर्वांची चौकशी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात होते.

नोकऱ्यांबाबत स्पष्ट बोलले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्थांतील बरीच कामे प्रकल्पापुरती, कंत्राटी असतात आणि प्रकल्प संपला की नवा शोधावा लागतो. पहिली तीन-चार वर्षे ही अस्थिरता राहते, हे घरात आधीच बोलून ठेवावे. नियमित जागा महापालिकांच्या कीटकनाशक विभागात, जिल्हा हिवताप कार्यालयात आणि आरोग्य विभागात निघतात. बारावी विज्ञानानंतर स्वच्छता निरीक्षकाची पदविका करून नोकरीत शिरलेले आणि पुढे शिकत गेलेले लोकही या क्षेत्रात आहेत. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात जिल्हा पातळीवर साथरोगतज्ज्ञ आणि माहिती व्यवस्थापक लागतात. २०२१ च्या आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा मोहिमेने महानगरांसाठी स्वतंत्र सर्वेक्षण पथकांची तरतूद केली आहे. खासगी क्षेत्रात विमा, औषध आणि नकाशा कंपन्या याच कौशल्याला चांगला पगार देतात, कारण उद्या रोग सोडून पूर किंवा पिकांवर काम करायचे झाले तरी विद्या तीच राहते.

डहाणूच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचे काम पाहण्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणूतच आहे आणि हवामान खात्याची वेधशाळाही. आणखी एक जमेची बाजू आहे. वारली बोलणारा, होळीला कोण परतते आणि कोणत्या विहिरीचे पाणी कधी आटते हे जाणणारा पदवीधर बाहेरून आलेल्या पथकात नसतो. ‘रात्री कुठे झोपलात’ या प्रश्नाचे खरे उत्तर पाड्यातली माणसे त्यालाच देतात. महाविद्यालयात असतानाच एखाद्या पाड्याचे पाणवठे, घरे आणि पिंपे मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवून क्यूजीआयएसमध्ये उतरवले, तर पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवायला स्वतःचे काम तयार असते.