एका न्यायाधीशाचा भिन्न निर्णय

न्यायालय शासनाला आवर घालते. पण न्यायालयच नमले तर?

आणीबाणीत विनाचौकशी स्थानबद्ध झालेल्यांना अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी दिला. विरोधातले ते एक मत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशास सरन्यायाधीशपद मिळाले. खन्नांनी राजीनामा दिला.

पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो जुना निर्णय रद्दबातल ठरविला.

विचारार्थ प्रश्न : पद गमावण्याची वेळ आली असता आपण सत्य बोलू का?