दहा हजारांचा धाक

प्रश्न : वय ४४. स्मार्टवॉच घेतल्यापासून धावतो. पण दहा हजार पावलं भरली नाहीत की दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. आता धावणंच नकोसं झालंय.

उत्तर : हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, ‘मान्पो-केई’, म्हणजेच ‘दहा हजार पावलांचा मापक’. जाहिरातीतलं नाव आपण नियम मानून बसलो! त्यापेक्षा हिशेब आठवड्याचा ठेवा : जागतिक आरोग्य संघटनेनुसार किमान ७५ मिनिटं धावण्यासारखा जोरकस व्यायाम किंवा १५० मिनिटं मध्यम. एखादा दिवस बुडाला तरी भरून निघतो. घड्याळाचा पट्टा मात्र मनगटाच्या हाडामागे घट्टसर बांधा. सैल राहिला की हृदयाचे ठोके भलतेच दिसतात. आणि रविवारी ते घरीच ठेवून, गप्पा मारता येतील अशा वेगाने पळा.