घरबांधणी आणि साहित्याची आगाऊ तजवीज

हैदराबादेत मनाजोगते घर बांधताना काम पुष्कळदा पैशावाचून नव्हे, तर साहित्यावाचून अडते. गवंडी बसून राहतो. कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. १९८९ साली सिमेंटवरील नियंत्रण पूर्णपणे उठले. परवान्याची प्रतीक्षा संपली, नियोजनाची गरज संपली नाही. पावसाळ्यात तांडूरच्या फरशीच्या खाणींत व नदीपात्रांत पाणी भरते. म्हणून फरशी व वाळू मेअखेरीपूर्वीच आणून ठेवावी. सिमेंट मात्र लागेल तसे घ्यावे. तीन महिन्यांहून जुने झाल्यास तपासल्यावाचून वापरू नये. सागाच्या चौकटी मापे ठरताच सांगाव्यात, कारण लाकूड वाळण्यास अवधी लागतो. दुकानातील माल संपण्यापूर्वीच मागविणारे आपण व्यापारी. तीच दक्षता स्वतःच्या घराविषयीही बाळगू या.