टिक्का रोगाचे अंक व सरासरीचा दोष

भुईमुगाचे वाण पारखतांना पानांवरील टिक्का रोगास १ ते ९ असे अंक देतात. बियाणें निवडण्यापूर्वीं हे अंक कसे वाचावे, हें शेतकरीबंधूंनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रचलित पद्धतींत १ म्हणजे निरोगी पाला. २ म्हणजे १ ते ५ टक्के, ५ म्हणजे २१ ते ३० टक्के आणि ८ म्हणजे ६१ ते ८० टक्के पाला रोगट. यावरून दिसून येईल कीं, हे अंक केवळ चढता क्रम दाखवितात. त्यांच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहींत.

समजा, एका वाणाच्या दहा वाफ्यांपैकीं पांचांस २ व पांचांस ८ अंक मिळाला; दुसऱ्याच्या दहाही वाफ्यांस ५ मिळाला. दोहोंची सरासरी ५ च येते. परंतु प्रत्येक अंकाच्या टक्क्यांचा मध्य धरून हिशेब केल्यास पहिल्याचा सुमारें ३७ टक्के पाला रोगट ठरतो, दुसऱ्याचा सुमारें २५ टक्केच.

म्हणून कोणत्या अंकाचे वाफे किती, हें अगोदर पाहावें. व सरासरी अंकांची न काढतां टक्क्यांची काढावी.

जेथें टक्के मोजतां येत नाहींत, उदाहरणार्थ भाकरीची चव, तेथें फ्रँक विल्कॉक्सन यांनीं १९४५ सालीं मांडलेली रीत उपयोगी पडते. दोन्ही वाणांचे सारखेच नमुने घेऊन सर्व एकत्र क्रमानें लावावे, त्यांस अनुक्रमांक द्यावे, समान ठरलेल्यांस मधला क्रमांक द्यावा, आणि दोहोंच्या क्रमांकांच्या बेरजा ताडून पाहाव्या. बेरजांत बरेंच अंतर असेल तरच एक वाण सरस मानावा.

नुसत्या सरासरीवर विसंबून बियाणें घेणें म्हणजे हंगाम धोक्यांत घालणें होय.