बाळंतपण आणि त्यानंतरचा सव्वा महिना

मंचर

चि. सौ. सोनूस,


फोनवर तू अर्धंच बोललीस, सासूबाई शेजारी असणार. म्हणून लिहिते आहे. वाचून झालं की हे पत्र त्यांनाही दे.

"बाळंतपणात रक्त थांबलंच नाही तर?" असं तू विचारलंस. "काही होत नाही गं" हे उत्तर मी देणार नाही. प्रसूतिगृहात नोकरी केलेल्या बाईच्या तोंडून ते निघत नाही. पण तू ज्या रात्रीला घाबरतेस, तिच्यापेक्षा मला त्यापुढच्या पंधरवड्याची काळजी जास्त आहे. का, ते सांगते.

बाळ आणि वार बाहेर आली की गर्भपिशवी आकसते आणि वार सुटलेल्या जागेच्या रक्तवाहिन्या आवळून बंद होतात. रक्त थांबवण्याचं पहिलं काम पिशवीचं, गोठण्याचं त्याच्या मागून. पिशवी नीट आकसावी म्हणून ऑक्सिटोसिन देतात, ते तुलाही देतील. शिवाय तुझ्या रक्तात व्हॉन विलेब्रँड नावाचा जो घटक कमी आहे, तो तुझ्यासारख्या पहिल्या प्रकारात गरोदरपणी आपोआप वाढतो. शेवटच्या महिन्यांत तुझा रिपोर्ट पन्नासच्या वर, चारचौघींसारखा येऊ शकतो. सगळे गाफील होतात ते इथेच. बाळंतपणानंतर ही पातळी उतरू लागते आणि एक ते तीन आठवड्यांत मूळपदावर येते. गणपतीत डिंभ्याचं धरण भरलेलं दिसलं म्हणून खालचा शेतकरी चैत्रातलं पाणी गृहीत धरत नाही, तसंच आहे हे.

आणि नेमक्या त्याच दिवसांत तू हॉस्पिटलातून घरी आलेली असणार. अंगावरून जास्त गेलं तर कुणीतरी म्हणणार, "घाण आहे, जाऊ दे निघून." हे वाक्य मी ओल्या बाळंतिणींच्या उशाशी फार ऐकलं आहे. बाळंतिणीला काही दिवस जातंच, पण दिवसागणिक ते उतरायला हवं. कमी झालेलं पुन्हा लाल आणि जास्त झालं, तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं, लिंबाहून मोठ्या गाठी पडल्या, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, यांतलं काहीही झालं तरी कुणाला विचारत बसायचं नाही. १०८ ला फोन, आणि गाडीत बसतानाच आजाराचं नाव सांगायचं.

पॅड मोजून लिहून ठेव. हसू नकोस. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी बाळंतिणीखाली पसरायची, रक्त साठवून मोजणारी खुणांची प्लास्टिकची पिशवी वापरून पाहिली. २००६ मध्ये त्यांनी मांडलं की नुसत्या नजरेच्या अंदाजाने रक्त सुमारे एक तृतीयांश कमी धरलं जातं. रोज बाळंतपणं करणाऱ्यांची नजर जिथे फसते, तिथे घाबरलेल्या घरच्यांचं काय सांगावं!

आता अक्काचा, म्हणजे तुझ्या आईचा विषय. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तिचा हट्ट मला माहीत आहे, आणि ती माझी थोरली बहीण, तेव्हा वाईटपणा मीच घेते. साध्या बाळंतपणाला घोडेगाव आहे, मंचर आहे. तुला मात्र रक्तविकाराचा जाणकार, रक्तपेढी आणि रात्री-अपरात्री तुझ्यात कमी असलेला फॅक्टर (तोच रक्तातला घटक) किंवा निदान क्रायो, म्हणजे तो घटक असलेला रक्ताचा भाग, मिळेल अशी जागा हवी. माहेरच्या घरून मंचर गाठायचं, तिथून पुणे साठेक किलोमीटर, आणि मध्ये चाकणचा चौक. त्या चौकात कळा देत अडकलेली तू मला डोळ्यांपुढेही नको. तुझ्या सासरहून, भोसरीहून, पुण्याचं ससून किंवा रास्ता पेठेतलं के.ई.एम. त्यामानाने हाताशी आहे. जावईबापूंनी आत्ताच जाऊन विचारावं, फॅक्टर तिथेच असतो का, नसेल तर किती वेळात येतो. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, औषधं, रक्त, गाडी सगळं मोफत आहे, २०११ पासून. खर्चाचं कारण कुणी पुढे करू नये.

सव्वा महिना माहेरी काढायचा हट्टही यंदा बाजूला ठेव. अक्कालाच भोसरीला बोलव. डिंकाचे लाडू तिकडेही वळता येतात.

डॉक्टरांना तू स्वतः विचारायचं ते असं: शेवटच्या तिमाहीत पातळी तपासून भुलीच्या डॉक्टरांना दाखवली का, कारण कण्यातलं इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं. आणि ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या घरी किती दिवस घ्यायच्या. हे औषध जपानच्या उताको ओकामोतो यांनी नवऱ्यासोबत १९६०च्या सुमारास शोधलं, तेही बाळंतिणींचं रक्त थांबावं म्हणून. वीस हजारांहून जास्त बाळंतिणींवरच्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला: तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटतात. ओकामोतोबाई त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या. मला याची फार हळहळ वाटते. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आपल्या घरात "बायकांना जरा जास्तच जातं" म्हणून आजीपासून कुणी तपासलं नाही. फिनलंडच्या डॉ. व्हॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये हा आजार मांडला, तोही एका लहान मुलीच्या सबंध घराण्याची चौकशी करून. पुढे ती मुलगी चौथ्या पाळीतच गेली. म्हणून बाळाचंही सांगते. मुलगा असो की मुलगी, हा आजार त्याच्यात येण्याची निम्मी शक्यता आहे. जन्मतः हा घटक जास्त असतो, त्यामुळे पहिला रिपोर्ट चांगला आला तरी सहा महिन्यांनंतर पुन्हा तपासायचं. तोवर कान टोचायचे नाहीत. बारशाला सोनार दारात आला तरी चहा पाजून परत पाठवा. बाळाला कुठलंही इंजेक्शन देण्याआधी तुझा आजार सांगायचा, आणि बाळंतपणात चिमटा किंवा व्हॅक्यूम शक्यतो नको, हे आधीच कागदावर लिहून घ्यायचं.

लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस. रक्त आधीच कमी असेल तर थोडं गेलेलंही सोसत नाही. लेण्याद्रीचा नवस अक्काने बोलला आहे. तो सव्वा महिन्यानंतर फेडू, पायऱ्या तू हळूहळू चढ.

हिमोग्लोबिनचा आकडा आला की लगेच कळव. सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
मावशी